टाकी गरम कशी?

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. पण मधे बरेच महिने, कुणी विचारलं तर मी पाण्याची टाकी आहे असं सांगायचं ठरलं होतं. मी नव्हतं ठरवलं. माणसांनी ठरवलं. मला कोण विचारतंय?

तुम्ही म्हणाल, जनरेटर आणि टाकी, यात गोंधळ होईलच कसा? होतो. वरून निळी ताडपत्री टाकायची, त्यावर फळी, फळीवर चार कुंड्या, पुढे एक नळ बसवायचा. झाली टाकी. ज्याला टाकी बघायची असते त्याला टाकीच दिसते.

आधी माझा स्वभाव सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी संशयी आहे. जन्मापासून नाही, होत गेलो. ज्याच्या पोटात लोक आयुष्यभर काहीही ओततात तो दुसरा कसा होणार? डब्यावर लिहिलेलं डिझेल. आत कधी रॉकेल, कधी पाणी, एकदा तर पेनाचं टोपण निघालं. पहिल्या घोटालाच मला कळायचं. पण मला बोलता येत नाही, फक्त खोकता येतं. म्हणून खोकायचो. लोक म्हणायचे, "हा जुना झाला." मी जुना नव्हतो झालो. मी तक्रार करत होतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमधला. पंप, नळ्या, चाक, तारा, सगळं वेगवेगळ्या टेबलांवरून आलं आणि माझा 'मी' झाला. शेवटी एक तपासणारा आला. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला लावलं, मूठ स्वतःच्या कानाला, आणि डोळे मिटून उभा राहिला. डॉक्टर छाती ऐकतात ना, तसा. मग म्हणाला, "जाऊ दे याला. आवाज खोटा नाही."

ते वाक्य मी जपून ठेवलंय.

मला पाठवलं एका बाळंतपणाच्या दवाखान्यात. दोन मजली इमारत, समोर छापखाना, शेजारी सायकलींचं दुकान. माझी जागा मागच्या अंगणात, कपडे धुवायच्या दगडाजवळ. वीज गेली की वायरमन धावत यायचा, हँडल मारायचा, भिंतीवरचा मोठा खटका ओढायचा, आणि मी एकदम दचकून उठल्यासारखा धडधडायला लागायचो. वर दिवे लागायचे. मग कधीकधी एक बारीक टॅहँ ऐकू यायचं. माझा आवाज एवढा मोठा, तरी ते ऐकू यायचं. कसं ते मला अजून माहीत नाही.

दवाखान्याच्या मावशींनी माझं नाव ठेवलं खोकल्या. बाळांची दुपटी त्या माझ्या जवळच्या दोरीवर वाळत घालायच्या. मी गरम झालो की दुपटी पटकन सुकायची. डॉक्टर मॅडम तेव्हा तरुण होत्या. एकदा एका अवघड बाळंतपणानंतर हात पुसत पुसत मागे आल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खोकल्या, आज तू नसतास तर काही खरं नव्हतं." मला त्या कौतुकाचाही संशय आला. काहीतरी काम असणार. पण काही काम नव्हतं. त्या तशाच आत गेल्या.

सगळं चांगलंच सांगतोय असं वाटायला नको. माझ्या धुराने मागची भिंत काळी झाली. दुपट्यांना डिझेलचा वास यायचा, मावशी ती परत धुवायच्या. सायकलवाला ओरडायचा, "अहो, तुमचा हा म्हातारा मला आधी मारणार!" आणि वरच्या खिडकीतून धूर कुठे जात होता? जिथे नुकताच जन्मलेला जीव पहिला श्वास घेत होता तिथेच. हे मला ठाऊक होतं. म्हणून जेव्हा रेडिओवर नवीन गोष्टी यायला लागल्या, तेव्हा मी रागावलो नाही. फक्त कान टवकारले.

रेडिओ वॉचमनचा. तो मागे येऊन बसायचा आणि बातम्या लावायचा. जगभर सूर्याची वीज वाढतेय. कुठल्याशा देशाने कोळशाची शेवटची भट्टी बंद केली. कुठे समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कुठे मोठ्या हॉलमध्ये सगळे देश जमले आणि अमुक सालापर्यंत धूर बंद करायचं ठरवून उठले.

वॉचमन खूश व्हायचा. मला मात्र लगेच प्रश्न पडायचा. एवढा मोठा हॉल, एवढे दिवे, एवढे पंखे. त्या हॉलच्या मागे ताडपत्रीखाली माझा एखादा भाऊ तर उभा नाही ना?

मग एक दिवस साहेब आले. ऊर्जा खात्याचे. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाईल, चालणं घाईचं. सरकारची नवी योजना होती, 'धूरमुक्त दवाखाना'. गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसणार. आणि जो दवाखाना धूरमुक्त ठरेल त्याला दोन मशीनं मिळणार. एक, लवकर जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं. दुसरं, त्यांच्या नाकाला ऑक्सिजन देणारं.

मॅडमचा चेहरा उजळला. ही मशीनं नाहीत म्हणून किती बाळं त्यांना मोठ्या शहरात पाठवावी लागली होती, आणि त्यातली काही वाटेत... ते मॅडम कधी बोलायच्या नाहीत. मागच्या पायरीवर येऊन बसायच्या. मला माहीत होतं.

"अट एकच," साहेब म्हणाले. "आवारात डिझेलवर चालणारं काही नको."

"आणि ढग आले तर?" मॅडमनी विचारलं.

"बॅटऱ्या असतील ना मॅडम."

"किती?"

"आत्ता थोड्या. बाकीच्या दुसऱ्या टप्प्यात."

"दुसरा टप्पा कधी?"

"पहिला झाला की."

साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. मी संशयी असलो तरी एवढं सांगतो. वरचे लोक त्यांना विचारायचे, किती गच्च्यांवर प्लेटा बसल्या. बॅटऱ्या किती बसल्या, हे त्यांना कुणी विचारतच नव्हतं. मग माणूस ज्याचा हिशेब मागतात तेच करणार ना?

प्लेटा बसल्या. मी खालून डोळे लावून होतो. आवाज नाही, वास नाही, खोकला नाही. काहीतरी गडबड आहे, मी म्हटलं. न घुरघुरता कुणी काम करतं का? पण खरं सांगू? उन्हाचे दिवस होते, आणि त्या चालत होत्या. पंखे फिरत होते, पाणी तापत होतं, दुपट्यांना फक्त साबणाचा वास येत होता. मी महिना महिना गार पडून राहायचो. मला बरं वाटत होतं. आणि बरं वाटतंय म्हणूनच संशय येत होता.

'दुसरा टप्पा' हा शब्द दवाखान्यात एकदम रुळला. सिस्टरने चहा मागितला की मावशी म्हणायच्या, "दुसऱ्या टप्प्यात." वॉचमनने सुट्टी मागितली की सिस्टर म्हणायची, "पहिल्या टप्प्यात अर्धा दिवस घे, उरलेली दुसऱ्या टप्प्यात." वायरमनचं लग्न ठरत नव्हतं, त्यावरून तर बोलायलाच नको.

पण माझं काय करायचं, हा प्रश्न होताच. मला नेलं तर ढगाळ दिवसांत काय? मला ठेवलं तर मशीनं नाहीत. मॅडमनी बराच विचार केला. एका दुपारी वायरमनला मागे घेऊन आल्या.

"याला झाकता येईल का?"

"झाकायचं म्हणजे? याचा आवाज कसा झाकणार?"

"आवाज गरज पडली तरच होईल. नाहीतर हा दिसता कामा नये. दुसरा टप्पा येईपर्यंत."

"मग काय, पुढच्या जन्मापर्यंत," मावशी पुटपुटल्या.

असा मी टाकी झालो. एकाच दुपारी 'तो'चा 'ती' झालो. मावशी ऐटीत सांगायच्या, "टाकी आली हो आमच्याकडे, मोठी गुणाची आहे." कुंड्यांना पाणी घालायच्या, ते ताडपत्रीच्या फटीतून माझ्या मानेवर गळायचं. मला चालू करायचं असलं की उघड बोलायचं नाही. "टाकी चालू करा," म्हणायचं. वायरमन ताडपत्री मागून उचलायचा आणि हँडल मारायचा. धूर एका नळीने भिंतीपलीकडच्या बोळात निघायचा. सायकलवाल्याला सगळं माहीत होतं. त्याची नात याच दवाखान्यात जन्मलेली, म्हणून तो गप्प.

साहेब आले, मागे एक नजर टाकली, फाईलवर टिक केली. पुढच्या भिंतीवर पाटी लागली, 'धूरमुक्त दवाखाना'. मशीनं आली. त्या दिवशी मॅडम हसल्या नाहीत. पाटीकडे बघून आत गेल्या. साहेबांना कळलं नव्हतं का? मला तेव्हाही शंका होती. टाकीला कुणी एवढ्या लांबून बघतं का?

मशीनं मात्र खरी होती. किती बाळं त्यात वाढली. म्हणूनच मला नीट रागावताही येईना.

मग ढग आले. ढगांचं काही खोटं नसतं, ते येतातच. आठवडाभर ऊन नाही. त्यातच बाहेर वादळाने तारा पडल्या आणि गावची वीज गेली. प्लेटा जेवढं देता येईल तेवढं देत होत्या, बॅटऱ्या लवकर दमत होत्या. आणि वरच्या खोलीत एक मुलगी होती, दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेली. ओंजळीत मावेल एवढी. तिची आजी मागच्या पायरीवर, माझ्या शेजारी बसून असायची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने आपलं आपणच ओळखलं होतं. म्हणायची, "टाकी बाई, माझी नात तुझ्या भरवशावर आहे."

नेमकं त्याच आठवड्यात साहेब पाहुण्या बाईंना घेऊन आले. लांबच्या देशातल्या. जगभर फिरून असे दवाखाने बघणाऱ्या. सोबत त्यांचं बोलणं आपल्या भाषेत सांगणारा एक तरुण. मॅडमनी सकाळपासून मला चालवलं, बॅटऱ्या भरता येतील तेवढ्या भरल्या, आणि गाडी फाटकात दिसली तसं मला बंद केलं. अडचणीला ठेवलेल्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन थोडाच उरला होता. मॅडमचा हिशेब होता, पाहुणे चहा घेऊन जातील तोवर निभेल.

पाहुण्या बाई चहा घेणाऱ्या नव्हत्या. हिंडणाऱ्या होत्या.

गच्ची बघितली, प्लेटांना हात लावला, वाकून तारा बघितल्या. मग मागच्या अंगणात आल्या. साहेबांच्या कपाळावर घाम आला. बाई चालून दमल्या होत्या. सहज माझ्यावर हात टेकवून उभ्या राहिल्या. आणि हात मागे घेतला. परत ठेवला.

काहीतरी म्हणाल्या. तरुण म्हणाला, "बाई विचारतायत, टाकी गरम कशी?"

मावशी कुंड्यांकडे बघायला लागल्या. वायरमन चपलेचा अंगठा नीट करायला वाकला तो वर येईना.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "सोलरवर पाणी तापतं ना! गरम पाण्याची टाकी."

तरुणाने सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. वर आभाळाकडे बघितलं, काळंभोर. मग माझ्याकडे. मग पुढे येऊन त्यांनी नळ फिरवला.

नळ त्यांच्या हातातच आला.

"पाणी..." साहेब म्हणाले, "दुसऱ्या टप्प्यात आहे."

मावशींनी पदराने तोंड दाबलं. खांदे हलत होते. मी आत पोटात हसू गच्च धरून होतो. त्या वेळी हसलो असतो तर फळी पडली असती.

आणि तेवढ्यात वरून एक पिपाणी वाजली. पिप, पिप, पिप. बॅटऱ्या संपल्याची. ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज थांबला. सिस्टर खिडकीत आली. ओरडली नाही. फक्त मॅडमकडे बघितलं. ऊब द्यायला आईची छाती होती, सिस्टरने बाळ कधीच आईच्या अंगाशी दिलं होतं. श्वासाचं काय?

"सिलिंडर लाव," मॅडम म्हणाल्या.

"लावलाय. काटा खाली आलाय."

साहेबांनी मॅडमकडे बघून अगदी बारीक मान हलवली. नको. पाच मिनिटं. जाऊ देत यांना. मी ते बघितलं. मॅडमनीही बघितलं. इकडे पाटी, मशीनं, पुढे येणारी कितीतरी बाळं. तिकडे ओंजळभर जीव. मॅडमनी वर खिडकीकडे बघितलं, मग पाटीच्या दिशेला.

आवाज आला तो पायरीवरून. आजी उठून उभी राहिली होती. "अहो बघत काय बसलात? ती टाकी चालू करा की!"

"टाकी चालू करा!" मॅडमनीही ओरडून सांगितलं. सवयीने. तोंडात तेच बसलेलं.

तरुण गोंधळला, पण त्याचं काम इमानाने केलं. बाईंना सांगितलं, हे लोक टाकी चालू करतायत.

वायरमनने ताडपत्री ओढली. कुंड्या धडाधड खाली. एक साहेबांच्या बुटावर. हँडल बसवलं, फिरवलं. मी ओला होतो, मानेत कुंड्यांचं पाणी गेलेलं. पहिल्यांदा फुसकारलो. आजीने डोळे मिटले. दुसऱ्यांदा मी सगळी ताकद लावून खोकलो आणि धडधडायला लागलो. ताडपत्रीबरोबर धुराची नळी निसटली होती, काळ्या धुराचा मोठा लोट अंगणातच उठला, छपरावरून थेट पुढच्या पाटीच्या दिशेने. वर मशीन सुरू झालं. सिस्टरने खिडकीतून अंगठा दाखवला. आजी खाली बसली ती रडायलाच.

मला वाटलं, आता बाई ओरडणार. नाही ओरडल्या. धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे चोळले आणि मॅडमना काहीतरी विचारलं.

"बॅटऱ्या कुठेत, विचारतायत."

साहेब तोंड उघडणार होते. मॅडम आधी बोलल्या. "अर्ध्याच आहेत. प्लेटा खऱ्या आहेत, चांगल्या आहेत, ऊन असलं की हा दवाखाना त्यांच्यावर चालतो. यांना तेही सांगा. पण ढगांसाठी बॅटऱ्या कुणी दिल्या नाहीत. मला मशीनं हवी होती म्हणून मी याला झाकला. साहेबांनी नाही, मी."

साहेबांनी बुटावरची माती झटकली. मग हळूच म्हणाले, "मला माहीत होतं, मॅडम. टाकीला सायलेन्सर नसतो."

माझा संशय खरा निघाला. पण आनंद काही झाला नाही.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगितलं तर तुम्ही माझ्यावर संशय घ्याल, आणि बरोबरच घ्याल. पाटी गेली. भिंतीत चार भोकं राहिली. मशीनं परत न्यायला दोन माणसं आली, तेव्हा मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "न्या की. आत बाळ आहे, आधी ते उचला. तुम्ही उचला, मी नाही." माणसं उभी राहिली, पाणी प्यायली आणि गेली. अजून आली नाहीत. दुसऱ्या टप्प्यात येतील.

साहेबांची दुसरीकडे बदली झाली असं वॉचमन म्हणतो. पण जाण्याआधी त्यांनी एक काम केलं. बॅटऱ्यांचा एक संच आला. सगळ्या नाहीत, पण आल्या. गाडीवरून उतरवताना ते स्वतः उभे होते. जाताना माझ्याजवळ थांबले, हात लावला आणि गेले.

रेडिओ चालूच असतो. जगात प्लेटा वाढतायत, ते खरं आहे. आमच्या गच्चीवर मी रोज बघतो. देश एकमेकांना तारखा देतायत, तेही खरं असेल. मी इथून काय तपासणार? मला झाकणारी ताडपत्री आता मावशींनी कोळशासारख्या काळ्या भिंतीपासून दोरीवर ताणून बांधलीये, पावसात दुपटी भिजू नयेत म्हणून.

ती ओंजळभर मुलगी आता चालते. तिची आजी तिला तपासायला आणते, आणि दर वेळी आधी मागे येते. मुलीचा हात धरून माझ्या अंगावर ठेवते. कालही आली होती. तीन दिवस ढग होते, बॅटऱ्यांनी दोन दिवस ओढलं, मग पहाटे थोडा वेळ मला उठावं लागलं.

"कशी आहे गं टाकी?" आजीने विचारलं. ती मला अजून टाकीच म्हणते.

मुलीने तळवा सपाट करून ठेवला. विचार केला. म्हणाली, "कोमट."

इतकं खरं माझ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं, त्या स्क्रूड्रायव्हरवाल्यानंतर.

मित्रांनो, मला भंगारात जायचं नाही असं नाही. जायचंय. दुपट्यांना साबणाचा वास येतो तो मला आवडतो. पण पाटीवर लिहिलंय म्हणून मला नेऊ नका, आणि पाटीसाठी झाकूही नका. कुणी सांगितलं की सगळं बदललं, तर टाळ्या जरूर वाजवा. मग मागच्या अंगणात जा. ताडपत्री असेल तर उचला, आणि हात लावून बघा.

गार लागलो, कितीही ढगांत गार लागलो, तर न्या मला. मी खोकणार नाही.